झाडांऐवजी हेम्पचा कागद: इंदुरात बसून खरंच जमेल का?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही तीन पिढ्यांचे इंदूरकर. सांवेरकडे सहा एकर शेती आहे, सध्या सोयाबीन आणि गहू. एक एकर हेम्प चार एकर झाडांइतका कागद देतो, असं सगळीकडे वाचायला मिळतं. शेतात हेम्प लावून हातकागदाचा छोटा कारखाना काढायचं मनात आहे. झाडंही वाचतील. व्यवहार्य आहे का?"

एका दमात सांगायचं तर, हेम्पचा कागद उत्तम होतो, झाडं त्याने फारशी वाचत नाहीत, आणि परवान्याशिवाय सांवेरच्या शेतात ते पीक उभं केलंत तर कागदाच्या आधी वॉरंट हातात पडेल. आता सविस्तर सांगतो. कागदात माझी एकतीस वर्षं गेली. पहिली नऊ गिरणीच्या प्रयोगशाळेत, पुढची सगळी सांवेर रोडवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, लगदा कुटायचा बीटर आणि ताव उचलायचा हौद यांच्या मध्ये उभं राहून.

आधी नावांचा घोळ निस्तरू, कारण यात मी स्वतः पैसे घालवलेत. आपल्याकडे शेतकरी ताग, बोरू किंवा सण म्हणतो ते हिरवळीचं पीक, पिवळ्या फुलांचं. इकडे माळव्यात त्याला सन किंवा सनई म्हणतात. इंग्रजी नावात 'हेम्प' असलं तरी त्याचा भांगेशी काडीचा संबंध नाही, ते शेंगावर्गातलं झाड आहे. अंबाडी तिसरीच, जिची भाजी आपण खातो. बंगालचा ज्यूट चौथा, आणि त्यालाही मराठीत तागच म्हणतात. खरा हेम्प म्हणजे भांग-गांजाचं झाड, फक्त नशेचा अंश जवळजवळ नसलेल्या जातीचं. सोळा-सतरा वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने 'अस्सल पहाडी हेम्प' म्हणून मला दोन क्विंटल तंतू पाठवला. रंग बरा होता, भाव चढा होता, मी खूश. शिजवताना वास वेगळा वाटला म्हणून चार तंतूंवर फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला. क्षणात गडद लाल. लिग्निन, म्हणजे झाडाला कडकपणा देणारा घटक, जास्त असलं की असा रंग येतो. ज्यूटमध्ये ते बारा-तेरा टक्क्यांच्या घरात असतं, हेम्पच्या सालीत चार-पाच टक्के, त्यामुळे हेम्प फार तर गुलाबीसर होतो. म्हणजे मला साधा ज्यूट विकला होता. पैसे परत मिळाले नाहीत हे सांगायला नको. तेव्हापासून ती बाटली कपाटात कायम असते. तुम्ही कारखाना काढा न काढा, बाटली आधी घ्या.

आता झाडाची रचना, कारण सगळं गणित तिच्यावर आहे. हेम्पचा वाळलेला दांडा हातात घेऊन मोडा. बाहेरची साल लांब सुतांसारखी सुटते आणि आत पांढरट, ठिसूळ, पोकळ काडी राहते, अंबाडी सोलल्यावर उरणाऱ्या सणकाड्यांसारखी. वजनात साल पंचवीस-तीस टक्के, बाकी सगळी काडी. सालीतला तंतू सरासरी वीस मिलिमीटर लांब, काडीतला जेमतेम अर्धा मिलिमीटर. तुलनेला देवदार-चीड जातीच्या लाकडाचा तंतू अडीच ते चार मिलिमीटर आणि निलगिरीसारख्या लाकडाचा एक मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एकाच दांड्यात जगातल्या उत्तम तंतूंपैकी एक आणि अगदी सुमार तंतूंपैकी एक, शेजारी शेजारी नांदतात. लोक हेम्पची थोरवी गातात तेव्हा डोळ्यांसमोर साल असते. टनांचा हिशेब मांडतात तेव्हा मात्र काडी मुकाट्याने त्यात धरलेली असते.

तुम्ही वाचलेलं 'एकाला चार' येतं कुठून? १९१६ साली अमेरिकेच्या कृषिखात्याने ४०४ क्रमांकाची पत्रिका काढली. ड्यूई आणि मेरिल या दोघांनी ती लिहिली होती. विषय होता हेम्पच्या काड्यांपासून कागद. त्यांनी मांडलं की दरवर्षी हेम्प घेतला जाणारा दहा हजार एकरांचा पट्टा लगद्याच्या दृष्टीने साडेचाळीस हजार एकर सरासरी जंगलाच्या तोडीचा ठरतो. आकडा खोटा नाही. पण तो त्या काळच्या, वीस वर्षांत वाढणाऱ्या जंगलाशी केलेल्या तुलनेचा आहे. शिवाय त्यांच्यासमोर काड्या फुकटच पडलेल्या होत्या. दोरखंडासाठी साल काढून घेतली जायची आणि काड्या शेतातच पेटवल्या जायच्या. शंभर वर्षांत तुलनेतलं लाकूड बदललं, आकडा तोच राहिला.

आपल्याकडचं गणित करून पाहू. चांगल्या हेम्पचा वाळका दांडा हेक्टरी सात टन धरा. त्यात साधारण दोन टन साल आणि पाच टन काडी. सालीचा लगदा साठ टक्के सुटला तर बाराशे किलो, काडीचा चाळीस टक्क्यांनी दोन हजार किलो. एकूण तीन टनांच्या थोडं वर. आता निलगिरीची किंवा सुबाभळीची कलमी लागवड घ्या. बऱ्या जमिनीत वर्षाला हेक्टरी दहा टन कोरडं लाकूड येतं, चांगल्या ठिकाणी त्याहून जास्त, आणि त्याचा लगदा साडेचार टनांच्या आसपास सुटतो. चौपट जाऊ द्या, बरोबरीसुद्धा होत नाही. वर झाड तुम्ही हवं तेव्हा तोडू शकता, ते उभ्या उभ्या साठवलेलं असतं. हेम्प शंभर-एकशेवीस दिवसांत एकदम कापायचा आणि मग वर्षभर पुरवायचा. काड्यांचा ट्रक आकाराने भरतो, वजनाने भरतच नाही. अर्धा पैसा तुम्ही हवा वाहून नेण्यात घालता.

"पण झाडं?" असं तुम्ही म्हणाल. इथे एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. भारतातला बहुतांश कागद झाडांपासून होतच नाही, तो रद्दीपासून होतो. मोठा हिस्सा रद्दीचा, उरलेल्यात लाकूड आणि थोडा गव्हाचा पेंढा, उसाची चिपाडं. जे लाकूड लागतं ते बहुतेक शेतांच्या बांधांवरचं, शेतकऱ्याने विकायलाच लावलेलं असतं. १९८८ च्या वननीतीने उद्योगांना नैसर्गिक जंगलाकडे न पाहता शेतकऱ्यांकडून लाकूड घ्यायला सांगितलं, तेव्हापासून हळूहळू हे घडत आलं. आपल्याच भागातलं उदाहरण पाहा. खंडव्याहून बऱ्हाणपूरला जाताना नेपानगर लागतं. देशातली पहिली वृत्तपत्र-कागदाची गिरणी तिथली, १९५६ साली पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलेली. ती उभी राहिली आसपासच्या सालई आणि बांबूच्या भरवशावर. आज तिथे रद्दीची शाई धुऊन लगदा करतात. लहानपणी मामाकडे बऱ्हाणपूरला जाताना गाडीच्या खिडकीतून तिकडच्या लाकडांच्या राशी दिसायच्या, हे मला चांगलं आठवतं.

तरीही हेम्प बिनकामाचा आहे असं मी म्हणणार नाही. त्याची खरी जागा झाडाच्या जागी नाही, रद्दीच्या जोडीला आहे. कागद दर फेरीत भिजतो, घुसळला जातो, वाळतो, आणि प्रत्येक वेळी तंतू थोडा तुटतो, थोडा कडक होतो. चार-सहा फेऱ्यांनंतर लगदा नुसता पिठूळ होतो, घडी घातली की कागद चिरतो. अशा लगद्यात दहा-पंधरा टक्के लांब तंतू मिसळला की त्याला पुन्हा कणा येतो. मोठ्या गिरण्या यासाठी परदेशातून चीड-देवदारचा लगदा आणतात. हे काम हेम्पची साल त्याहून कमी वजनात करते. सिगारेटचा पातळ कागद, गाळणीचा कागद, चहाच्या पुड्यांचा कागद, बायबलसारख्या हजार पानी पोथ्यांचा तलम कागद यांत हेम्प आणि जवसाचा तंतू पूर्वीपासून वापरतात. नोटांच्या कागदातही काही देशांनी वापरला. आपल्या नोटांचा कागद मात्र कापसाचा. तो होशंगाबादला, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला बनतो, आणि छापखाना आपल्या शेजारी देवासला.

आता कायदा. हा भाग नीट वाचा, कारण दर महिन्याला कोणीतरी मला सांगतं की "भांगेची दुकानं तर सरकारी परवान्याने चालतात, मग शेती का नाही?" १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्याबरोबर नसलेली पानं आणि बिया त्यात धरलेल्या नाहीत. म्हणून ठंडाईतली पानांची भांग राज्याच्या परवान्याने विकली जाते. पण झाड लावणं ही गोष्टच वेगळी. कलम ८ नुसार लागवडीला बंदी आहे आणि परवान्याशिवाय लावलं तर कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलम १४ मध्ये सरकारला तंतू किंवा बियांसाठी लागवडीची मुभा देता येते, पण तसा आदेश निघावा लागतो. उत्तराखंडाने २०१८ मध्ये असे परवाने द्यायला सुरुवात केली, नशेचा अंश ०.३ टक्क्यांच्या आत हवा या अटीवर. लोक आणखी एक चूक करतात. मंदसौर-नीमचची अफू परवान्याने होते, तिचा कारभार केंद्राच्या नार्कोटिक्स ब्यूरोकडे आणि त्याचं मुख्यालय ग्वाल्हेरला, म्हणून हेम्पचा अर्जही तिकडे पाठवतात. अफूचा परवाना केंद्राचा. भांगेच्या झाडाचा विषय राज्याच्या अखत्यारीत येतो. पत्ता चुकला की सहा महिने गेले. गंमत म्हणजे इंग्रजी अमदानीत खंडव्याकडे सरकारी देखरेखीखाली गांजाची रीतसर शेती चालायची, १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या कागदपत्रांत तिची नोंद आहे. म्हणजे माती नाही म्हणणार नाही. तरी तुमच्या काळ्या जमिनीत पावसाचं पाणी दोन दिवस तुंबलं की हेम्प पिवळा पडतो. तिथे सोयाबीन परवडलं.

समजा तुम्ही उत्तराखंडातून परवान्याच्या शेतातला तंतू, बिल-पावतीसकट आणला. मग पुढे काय होतं ते सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही.

पहिल्यांदा मी अस्सल हेम्पचा तंतू मिळवला तेव्हा हौसेने तसाच, हातभर लांब, बीटरमध्ये सोडला. बीटर म्हणजे लंबगोल हौद, त्यात पात्यांचा रोळ फिरतो आणि खालच्या पाट्याशी घासून तंतू कुटतो. दहा मिनिटांत रोळाचा आवाज बदलला, घरघर खोल गेली आणि पट्टा घसरायला लागला. बंद करून झाकण उघडलं तर रोळाला जटा! साधूच्या डोक्यावर असतात तशा, ओल्या, पिळदार, पात्यांच्या मधोमध घट्ट बसलेल्या. दोन माणसं कात्री आणि कोयता घेऊन संध्याकाळपर्यंत त्या कापत होती. त्यातल्या एकाने, "मालक, यापेक्षा दोरखंडच विकला असता," असं म्हटलं ते अजून कानात आहे. तेव्हापासून नियम असा: तंतू आधी वाळवायचा, जुडी बांधायची आणि गवत कापायच्या अडकित्त्यावर पाव ते अर्धा इंच कापायचा. मग वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास धुण्याचा सोडा घालून तीन तास उकळायचा. पाणी चहासारखं तपकिरी होतं. ते नाल्यात सोडायचं नाही, त्यासाठी टाकी आणि परवानगी दोन्ही लागतात. नंतर बोटांत चिमटून पाहायचा. ओढल्यावर तंतू एकमेकांपासून सरकले पाहिजेत. करकरले तर अजून शिजायचा आहे.

कुटायला वेळ लागतो. होजियरीची, म्हणजे बनियनच्या सुती कापडाची, चिंधी माझ्या बीटरवर तीन-साडेतीन तासांत तयार होते, हेम्पला आठ-नऊ तास. घाई केली, रोळ फार खाली दाबला, तर तंतू कुटला न जाता कापला जातो आणि मग लांब तंतूचा पैसा पाण्यात. रोळ थोडा वर ठेवून, धीराने, तंतूला दाढी फुटेपर्यंत कुटायचं. दाढी म्हणजे तंतूच्या अंगावर सुटणारे बारीक धागे. तेच एकमेकांना धरतात आणि कागदाला बळ देतात, गोंदाशिवाय. पाहायचं कसं? काचेच्या पेल्यात चमचाभर लगदा पाण्यात ढवळून उजेडासमोर धरा. गाठी दिसल्या तर परत पाठवा. धूर सोडल्यासारखं ढगाळ दिसलं तर तयार.

हौदात दुसरं दुखणं. लांब तंतू पाण्यात एकमेकांना मिठ्या मारतात, ताव उचलला की ढगाढगांचा येतो. त्याला मी भेंडीचा चिकटा घालतो. गुऱ्हाळात मळी काढायला रानभेंडीच्या सालीचा चिकट रस घालतात ना, तोच. पाणी किंचित घट्ट होतं, तंतू तरंगत राहतात आणि साच्यावर सारखे बसतात. जपानी कागदी, म्हणजे कागद बनवणारे लोक, भेंडीच्याच जातभाई झाडाच्या मुळांचा रस वापरतात. खळीसाठी, म्हणजे कागदावर शाई पसरू नये म्हणून, राळ आणि तुरटी सोपी आणि स्वस्त, पण तुरटीने कागद आम्लधर्मी होतो आणि वर्षांनी पिवळा, ठिसूळ पडतो. हेम्पसारखा दीर्घायुषी तंतू घेऊन वर तुरटी घालणं म्हणजे सागवानी पेटीला पुठ्ठ्याचं झाकण. एकेडी (AKD) नावाची, तुरटी न लागणारी खळी वापरा.

तयार ताव हातात घेतला की मात्र सगळं विसरायला होतं. कोपरा धरून हलवला तर कोऱ्या नोटेसारखा खडखडतो. फाडायला गेलं तर सरळ फाटत नाही, कडेला तंतूंची झालर सुटते. माझ्याकडे शुद्ध हेम्पचा एक ताव आहे, तो येणाऱ्या प्रत्येक पोराला मी फाडायला देतो. अजून निम्मा शिल्लक आहे. चीनमध्ये शिआनजवळच्या बाचिआओला १९५७ साली सापडलेले प्राचीन कागदाचे तुकडे हेम्पचेच होते. इ.स. १०५ मध्ये साई लुनने दरबारात कागद मांडला, तोही झाडाची साल, हेम्प, चिंध्या आणि जुनी जाळी यांचा. लाकडाचा कागद ही जेमतेम पावणेदोनशे वर्षांची गोष्ट आहे. आपले जुने कागदीसुद्धा सणाचे दोर, गोणपाट आणि चिंध्याच कुटत आले.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला: हेम्पऐवजी सणाने सुरुवात करा. परवाना नको, बी सहज मिळतं, शेतीखात्याचा माणूस उलट शाबासकी देईल. त्याच्या सालीचा तंतू सात-आठ मिलिमीटरचा, म्हणजे हेम्पहून आखूड पण कुठल्याही लाकडाहून लांब. सहापैकी दोन एकरांत पहिल्या पावसावर दाट पेरा. हिरवळीसाठी लोक दीड महिन्यात गाडतात, तंतूसाठी तीन-सव्वातीन महिने उभा ठेवायचा. कापून चार-पाच दिवस पाण्यात भिजवायचा, साल बोटाने सुटायला लागली की लगेच काढायचा. एक दिवस जास्त झाला की तंतू कुजतो आणि वास सगळ्या गावाला कळतो. शेजाऱ्याच्या विहिरीपासून लांब भिजवा, नाहीतर कागदाआधी भांडण तयार होईल.

तंतू हेक्टरी आठ क्विंटल धरला तर दोन एकरांत सहा-साडेसहा क्विंटल. शिजवून-धुऊन साडेचार क्विंटल लगदा. तो एकटा वापरू नका, पंधरा टक्के सण आणि पंच्याऐंशी टक्के होजियरीची पांढरी चिंधी असं मिश्रण करा. म्हणजे तीन टन कागद. बावीस बाय तीस इंचांचा दीडशे जीएसएमचा (चौरस मीटरला दीडशे ग्रॅम) ताव साधारण चौसष्ट ग्रॅमचा, म्हणजे पंचेचाळीस हजारांच्या आसपास ताव. एका हौदावर दोन माणसं दिवसाला चारशे काढतात. चार महिन्यांचं काम झालं, आणि तेही शेतीच्या मोकळ्या दिवसांत. शेतातले चार एकर सोयाबीन-गव्हाला मोकळेच राहतात. बऱ्हाणपूरला केळीची खोडं घड उतरल्यावर टाकून देतात, दुसऱ्या वर्षी त्याचा तंतूही करून पाहा. त्याचा कागद चकाकतो, फक्त खोडात पाणी एवढं असतं की इंदूरपर्यंत खोड आणण्यापेक्षा तंतू तिथेच काढून आणावा.

हेम्प हवाच असेल तर उत्तराखंडातून पंचवीस किलो आणा, त्याचे लग्नपत्रिका आणि चित्रकारांच्या वह्यांसाठी वेगळे ताव काढा, आणि भावही वेगळा लावा. माल आला की पावती फायलीत आणि बाटलीतला थेंब तंतूवर, या क्रमाने.

यंत्रं घेण्याआधी जयपूरजवळ सांगानेरला कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्थेत जाऊन प्रशिक्षण घ्या. पुण्यातली हातकागद संस्थाही पाहा, १९४० पासूनची आहे. दोन्हीकडे रोळाजवळ उभं राहून आवाज ऐका. बीटर जुना मिळाला तर घ्या, पण पाती आणि खालचा पाटा काढून तपासा. माझ्या पहिल्या बीटरचा पाटा एका बाजूने झिजलेला होता, दीड वर्ष मी लगद्याला दोष देत बसलो होतो. आणि चिंधी तोलून घेताना पोत्याच्या तळाशी हात घाला. वर पांढरी सुती असते, खाली पॉलिस्टर. ते कुटलं जात नाही, तावावर केसासारखं उभं राहतं.

जूनआधी बी घ्या. दोन एकरांवर जाण्याआधी यंदा फक्त पाव एकर करून पाहा, तंतू काढा, आणि दोन किलो घेऊन शेडवर या. माझ्या बीटरवर कुटून देईन. कापून आणा मात्र.